हलक्या मुठीचं लोढणं

गोष्ट जुनीच, पण टायटॅनियम बाजारात आल्यानंतरची. आंब्याची कलमं बांधणाऱ्या धोंडूअण्णांच्या खिशात दोन घडीचे चाकू राहत. एक सागवानी मुठीचा म्हातारा, दुसरा टायटॅनियमच्या मुठीचा नवा.

नवा स्वतःवर भारी खूश. "माझी मूठ गंजत नाही, घामाने कुजत नाही. आणि हलका तर इतका, की मी खिशात आहे हे अण्णांना कळतसुद्धा नाही!"

"तेवढं कळू दे रे बाबा," म्हातारा म्हणाला.

दुसऱ्याच दिवशी अण्णा कलमावर वाकले आणि नवा अलगद गवतात पडला. अण्णांना पत्ताच नाही. पंधरा दिवस तो दवात भिजला. पातं तांबूस झालं, मूठ मात्र लखलखीत. पण कौतुक करायला होतं कोण? एक गोगलगाय अंगावरून गेली, तीही न थांबता.

गवत कापताना अण्णांना तो सापडला. पुन्हा हरवू नये म्हणून त्यांनी मुठीच्या भोकात सुतळी ओवून सागवानाचा चांगला जाड ठोकळा बांधला.

नवा खिशात परतला, तेव्हा म्हातारा त्या ठोकळ्याकडेच बघत होता. शेवटी नव्यालाच हसू फुटलं.

"हसा आजोबा, मोकळेपणी हसा. एवढा मिरवलो, आणि आता तुमच्याहून जड झालोय. तेही लाकडामुळे!"