धोंडाईची सोबत

तुमच्या पणजीची पणजी परकरात हिंडत होती, त्या काळातली ही गोष्ट. सागदरा गाव तेव्हाही इथंच होतं, डोंगराच्या पायाशी. आणि डोंगराच्या अर्ध्या वाटेवर, झऱ्याजवळच्या खोपटात, धोंडाई वैदीण राहत होती.

धोंडाईला दाढी होती. हसू नका, खरंच होती. हनुवटीवर राठ केस, मानेवर काळा पट्टा, आणि अंगाने ती चांगली दांडगी. लग्नानंतर तिला महिनेच्या महिने पाळी यायची नाही. मूल झालं नाही म्हणून नवऱ्याने तिला टाकली. ती माहेरी गेली नाही. एका फिरत्या वैदूच्या मागे तीन पावसाळे हिंडली, मुळ्या ओळखायला शिकली, आणि जे शिकली ते आधी स्वतःवर करून पाहिलं. असं म्हणतात, ती जमिनीला कान लावायची आणि कोणती मुळी कुठं वाढतेय ते तिला ऐकू यायचं. असंही म्हणतात की नाडी धरली की बाईच्या मनातलं तिला कळायचं. मला विचाराल तर ती नुसतं विचारायची आणि ऐकून घ्यायची. पण तेही नवलच की!

तर त्या सागदऱ्यात बनाबाई नावाची एक खमकी बाई होती. तिला एकुलता एक मुलगा, रावजी. त्याची बायको सगुणा, कामाला वाघ आणि बोलायला अगदी गरीब. लग्नाला वर्ष झालं आणि सगुणेची पाळी चुकली. एक महिना, दोन महिने, तीन महिने. बनाबाईला आनंदाने काय करू नि काय नको असं झालं. आपल्याकडे पोटुशी असलेल्या सुनेला तिसऱ्या महिन्यात गुपचूप हिरवी चोळी देतात, तिला चोरचोळी म्हणतात. दृष्ट लागू नये म्हणून बनाबाईने दार लोटून सुनेच्या ओटीत चोळी घातली. गुपचूप कसली, दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर सगळ्यांना ठाऊक.

पंधरा दिवसांनी सगुणेला पाळी आली. घर रडलं. पुढच्या वर्षी पुन्हा चार महिने काही नाही, पुन्हा चोळी, पुन्हा तेच. तिसऱ्या वर्षी बनाबाई चोळी घेऊन पुढे आली तेव्हा सगुणेने डोळे मिटून पदर पसरला. तीही चोळी वाया गेली. मग बायकांची तोंडं सुटली. कुणी म्हणालं, हिच्या पोटात मूल टिकत नाही. कुणी म्हणालं, हीच खाते पोटातलं. शेवटी बनाबाईने शेजारच्या गावात रावजीसाठी दुसरी मुलगी पाहिली आणि अक्षय्य तृतीयेचं लग्न ठरवून आली. तेव्हा दसरा नुकताच झाला होता. रावजी यावर काय म्हणाला ते कुणी सांगत नाही, बहुतेक काही म्हणालाच नसेल.

सगुणा एका सकाळी सरपणाला म्हणून निघाली आणि थेट धोंडाईच्या दारात जाऊन उभी राहिली.

“सवत येतीया, येऊ दे,” ती म्हणाली. “पर माजी तीन लेकरं का गेली तेवडं सांगा. माजं काय चुकलं?”

धोंडाईने तिला झऱ्याचं पाणी दिलं, बसवलं आणि विचारलं, “वकाऱ्या आल्या हुत्या?”

“न्हाई.”

“अन्नावरची वासना उडाली? छाती जड झाली?”

“न्हाई.”

“तिन्ही खेपंला?”

“कवाच न्हाई.”

“मग तुजी लेकरं गेली न्हाईत, पोरी. नव्हतीच ती.”

गेली तीन वर्षं सगुणा गोठ्यामागे गेलेल्या लेकरांचे म्हणून तीन खडे पुरून त्यांच्यावर कुणाला न सांगता दूध शिंपडत होती. आधी तिला हसू आलं, मग रडू आलं, आणि ते काही केल्या थांबेना. असं म्हणतात, त्या दिवशी झऱ्याचं पाणी वीतभर चढलं आणि पुढे कुठल्याच उन्हाळ्यात ते खाली गेलं नाही.

“म्हैना आला न्हाई म्हंजे प्वाट ऱ्हायलं, असं नसतं,” धोंडाई म्हणाली. “पाटात गाळ साचला की पानी अडतं, आन् मग कवातरी एकदम फुटतं. तुज्या अंगात तसंच झालंय, माज्या बी. त्यो शाप न्हाई आन् पाप बी न्हाई.” तिने सगुणेचा हात धरून आपल्या हनुवटीवर ठेवला. सगुणा ओठांवरची लव झाकायला सारखा पदर ओढायची, ते धोंडाईच्या नजरेतून सुटलं नव्हतं.

“मग मूल हुईल?”

“त्ये मी सांगनार न्हाई. पाट मोकळा करता येतो, एवडं मला ठावं हाय. जा, सासूला घिऊन ये.”

बनाबाई आली ती पदर खोचूनच. सगुणेला लेकरू राहिलंच नव्हतं हे तिने ऐकलं, पण मानलं नाही. धोंडाईने तिला पथ्य सांगितलं. गोड कमी करायचं, शिळं बंद, दुपारची झोप बंद. जवाची भाकरी, कुळथाचं कढण, मेथी आणि तीळ. आणि रोज उगवतीला डोंगराच्या माथ्यावर चढून शतावरीची मुळी आपल्या हाताने खणून आणायची.

“आन् तू बी संगं जायचं,” धोंडाई म्हणाली. “ती खाईल तेच खायाचं.”

“मी? मला काय धाड भरलीया?”

“तुज्या जिभंला भरलीया. चढन लागली की ती जरा गप ऱ्हाईल. तीन चोळ्या तू दिल्यास ना? आता वक्तावर आलेल्या तीन पाळ्या तूच मोज. लगनापातुर न्हाई आल्या तर आन सवत.”

बनाबाईला हे पटलं, कारण असं काही होणार नाही याची तिला खात्री होती. दोघी चढू लागल्या. असं म्हणतात, डोंगर त्यांच्यासाठी रोज बोटभर खाली वाकायचा. पहिला महिना गेला, काही नाही. दुसरा गेला, काही नाही. बनाबाई मनात वैशाखाची तयारी करत होती, आणि सगुणा तिच्या मागे मुकाट्याने खणत होती.

तिसऱ्या महिन्यात एका सकाळी बनाबाईला दम लागला आणि ती वाटेतल्या दगडावर टेकली. सगुणेने तिला पाणी दिलं. सासूला बोलता येत नव्हतं, म्हणून सून बोलली. गोठ्यामागच्या तीन खड्यांचं तिने सांगून टाकलं. श्वास जाग्यावर आल्यावर बनाबाईने सुनेचा हात धरला.

“मी चोळ्या आनल्या,” ती म्हणाली. “पर पोरी, तुला काय वाटतंय त्ये एकदा बी इचारलं न्हाई गं मी.” आणि एवढी खमकी बाई सुनेच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली.

माघात सगुणेला पाळी आली. फाल्गुनात आली, चैत्रात आली. बनाबाईने तीन बोटं मोजली आणि चवथ्या महिन्याची वाट न बघता शेजारच्या गावी गेली. “माज्या घरात सून हाय,” तिने मुलीच्या बापाला सांगितलं. तो पुष्कळ बोलला, बनाबाईने त्याहून पुष्कळ ऐकवलं, आणि लग्न मोडलं.

पुढे मूल झालं का, हे तुम्ही विचारणारच. कुणी म्हणतं दोन मुली झाल्या, कुणी म्हणतं झालंच नाही. सांगणारा आपल्या मनासारखं सांगतो. सगुणा त्या घरातून हलली नाही आणि बनाबाईने तिच्याच मांडीवर डोळे मिटले, एवढं मात्र सगळे एका सुरात सांगतात.

धोंडाई एक दिवस मुळ्या आणायला माथ्यावर गेली ती परत आलीच नाही. लोकांना तिचं खुरपं तेवढं सापडलं. असं म्हणतात, त्या जागी शतावरी अशी फोफावली की ती फुलली की अख्खा उतार पांढरा दिसतो.

आता त्या दुखण्याला पीसीओएस म्हणतात. सोनोग्राफी होते, रिपोर्ट येतो. गोळ्या डॉक्टर देतात, काढा शिकलेला वैद्य देतो, आणि दोघंही चालायला सांगतातच. मुळ्या आता कुणी आपल्या मनाने खणत नाही. पण सागदऱ्यात आजही कुणाची पाळी मागेपुढे झाली की घरातली एक मोठी बाई तिच्याबरोबर उठते. दवाखान्यात पोरीसोबत तीच जाते, सकाळी डोंगर तीच चढते, ताटात जे पोरीच्या तेच हिच्याही. पाळी तीनदा वेळेवर येईपर्यंत हे चालतं. याला गावात धोंडाईची सोबत म्हणतात.

गेल्या वर्षी तालुक्याला नवी डॉक्टरीण आली. तिच्यासमोर सागदऱ्याच्या दोघी बसल्या, एक विशीची आणि एक साठीची. डॉक्टरणीने कागद पुढे ओढला आणि विचारलं, “त्रास कुणाला आहे?”

“आमास्नी,” सासू म्हणाली.