रुळाचा मान

फार पूर्वी एका कचेरीच्या प्रिंटरमध्ये शाईची भुकटी वितळवून कागदावर पक्की करणारा म्हातारा रूळ होता. त्याच्या पोटात दिवा जळे. त्याच्या पाठीला टेकलेली तापपट्टी ताप मोजून दिव्याला "पुरे" म्हणे, की तो विझे.

एकदा रूळ खेकसला, "वडीलधाऱ्यांना टेकून बसतेस? लांब हो!"

"आजोबा, लांबून ताप कळत नाही."

"उलट बोलू नकोस. आमच्या वेळी लांबूनच कळायचं."

पट्टी दोन बोटं मागे सरकली. तिथली हवा गार होती.

"पुरे का गं?" दिव्याने विचारलं.

"गारच लागतंय, काका."

दिवा पेटतच राहिला. रुळाची कातडी फुगून सोलवटायला लागली.

"कार्टे, सांगता येत नाही?" तो धुरातून ओरडला.

"सांगते की. जवळ येऊ?"

रूळ विचारात पडला. दिवा पेटलेलाच होता.