कुळाची दवंडी

पूर्वी चंडा नदीच्या काठी कंसावती नावाची नगरी होती. तिथे अंगिरथ राजाचे राज्य चालू असताना बोधिसत्त्व एका न्यायाधीशाच्या घरी जन्मला. त्याचे नाव भद्रघोष ठेवले होते. मोठा झाल्यावर त्याने वडिलांकडून न्यायदानाचे काम शिकून घेतले, आणि वडिलांच्या मागे राजाने त्याला आपला न्यायामात्य नेमले.

चंडा नदीच्या पलीकडच्या मुलखात तेव्हा लागोपाठ दुष्काळ पडले होते. तिकडची माणसे होड्यांतून या तीरावर आली. तटाच्या बाहेर, नदीच्या वाळवंटात, त्यांनी कुडाच्या झोपड्या बांधल्या. नगरातले लोक त्यांना पैलकर म्हणत. त्यांची भाषा निराळी होती आणि त्यांच्या बायकांच्या हनुवटीवर गोंदण असे. ते विटा पाडीत, कातडी धूत, ओझी वाहत. त्यांच्यात तेमकी नावाची एक म्हातारी सुईण होती. तिचा हात इतका हलका होता की नगरातल्या चांगल्या चांगल्या घरांतून तिला बोलावणे येई.

पुढे नगरात चोऱ्या वाढल्या. नगररक्षकांचा नायक वल्लिय हा कष्टाळू माणूस होता. लोकांनी आपल्याला नालायक म्हणावे हे त्याला सहन होईना. तो राजाकडे गेला आणि म्हणाला, "महाराज, दर पंधरवड्याला आम्ही पकडलेल्या चोरांची नावे दवंडीने सांगतो. नावावरून लोकांना काय कळणार? चोर कोणत्या कुळाचा, तेही लिहून घेऊ द्या आणि चारही वेशींवर सांगू द्या. मग ज्याला जपून राहायचे तो जपून राहील."

राजाने न्यायामात्याकडे पाहिले. बोधिसत्त्व म्हणाला, "नायक, तुमचे रक्षक दिवसभर कुठे उभे असतात?"

"नदीकाठी."

"मग सापडणारे चोरही नदीकाठचेच असणार."

"अमात्य, तिथे चोर सापडतात म्हणूनच ते तिथे उभे असतात," वल्लिय म्हणाला.

राजा हसला. "मी कोणाला मारायला सांगत नाही," तो म्हणाला. "जे घडले तेच सांगायचे आहे. खरे सांगण्यात पाप कसले?"

"महाराज, राजाला आपल्या नगरातले सगळे कळलेच पाहिजे. कुळांची नोंद तुम्ही माझ्याबरोबर बसून जरूर पाहा. कोण पकडला जातो, कोण सुटतो, कोणाच्या घरी चोरी झाली तर रक्षक फिरकतही नाहीत, हे सगळे त्यातून निघेल. पण वेशीवर उभ्या असलेल्या माणसाला यातले काही कळणार नाही. चोरी एका माणसाने केलेली असेल, ऐकणाऱ्याच्या कानात मात्र अख्खी वस्ती जाईल."

राजाला हे फार लांबचे वाटले. त्याने वल्लियाला परवानगी दिली.

दवंडी सुरू झाली. दवंडीवाला कुळाचे नाव घेई आणि प्रत्येक चोरीला भेरीवर एक ठोका देई. विणकरांचे ठोके लगेच संपत. कुंभारांचेही संपत. पैलकरांचे चालूच राहत. हळूहळू लोक शब्द ऐकेनासे झाले, ठोके तेवढे ऐकू लागले. वीटभट्टीवाल्यांनी पैलकर बायकांना कामावरून काढले. घाटावर त्यांच्या घागरी बाजूला सारल्या जाऊ लागल्या. तेमकीला बोलावणे येईना. एका घरी तिच्या हातून जन्मलेली मुलगीच आता बाळंत व्हायची होती. तिची आई दारातून म्हणाली, "मावशी, माझ्या मनात काही नाही. पण लोक काय म्हणतील?" तेमकी परत गेली.

आणि मग एका पैलकराने खरेच खून केला. गोरम असे त्याचे नाव. एका एकट्या राहणाऱ्या विधवेच्या घरात तो शिरला आणि हातातल्या पाटल्यांसाठी त्याने तिचा गळा दाबला. रक्षकांना त्याचा पत्ता लागला नाही. त्याच्याच वस्तीतल्या माणसांनी त्या पाटल्या पाहिल्या, त्याला दोरीने बांधले आणि न्यायसभेत आणून उभे केले. त्यांच्याबरोबर तेमकीही होती.

ती म्हणाली, "हा आमचा आहे. याच्या आईला मी ओळखते. पण हे काम याचे आहे, आमचे नाही."

बोधिसत्त्वाने साक्षी घेतल्या. गोरमने गुन्हा कबूल केला, आणि त्याला शिक्षा झाली. त्यात काही लपवायचे नव्हते. सभा उठल्यावर बोधिसत्त्व वल्लियाला म्हणाला, "नायक, आजच्या दवंडीत एवढे तरी सांगा, की याला याच्याच लोकांनी आणून दिले."

"दवंडीत कूळ सांगण्याची आज्ञा आहे," वल्लिय म्हणाला. "बाकीचे सांगण्याची नाही."

बोधिसत्त्व तसाच राजवाड्यावर गेला. राजा नव्या घोड्यांची पारख करीत होता. "उद्या बघू, अमात्य," तो म्हणाला.

बोधिसत्त्व राजवाड्याच्या पायऱ्या उतरत होता तेव्हा चारही वेशींवर भेरी वाजली. पैलकराने खून केला, एवढेच दवंडीवाल्याने सांगितले. भर दुपारची वेळ होती आणि बाजार भरलेला होता. कोणी पुढारी नव्हता, कोणी भाषण केले नाही. माणसे नदीच्या वेशीकडे चालू लागली. वाटेत एका तेलाच्या दुकानातून त्यांनी बुधले उचलले. वेशीवरचे रक्षक आज्ञा नाही म्हणून बाजूला झाले.

पैलकर पुरुष तेव्हा न्यायसभेतून परस्पर कातडी धुवायला वरच्या डोहावर गेले होते. वस्तीत होती ती म्हातारी माणसे, बायका आणि मुले. तेमकीची सून लाखी नुकतीच बाळंत झाली होती, तिला पळता आले नाही. ती बाळासह आत आहे हे बाहेरच्यांना ठाऊक होते. एकाने दाराला बाहेरून कडी घातली. तो वल्लियाचा मुलगा रोहक होता.

बोधिसत्त्व पोचला तेव्हा वाळू इतकी तापली होती की तिच्यावर पाय ठेववत नव्हता. तेमकी सुनेच्या झोपडीच्या जागी बसली होती. तिने वर पाहिले नाही. बोधिसत्त्व तिच्याजवळ बसला. तिने त्याला जे पाहिले ते सांगितले. आग लावणाऱ्यांनी तोंडे झाकलेली नव्हती. त्यातल्या कित्येकांना जन्मताना तिनेच हातात धरले होते.

पुढच्या दवंडीत 'नदीकाठी आग लागली' एवढेच आले. कूळ कोणाचेच नव्हते, आणि ठोकाही नव्हता.

बोधिसत्त्वाने भर सभेत राजाला म्हटले, "महाराज, आज्ञा अजून चालू असेल तर आग लावणाऱ्यांची कुळेही वेशीवर सांगितली पाहिजेत. त्यांत व्यापारी आहेत, ब्राह्मण आहेत, आपल्या क्षत्रियांची मुलेही आहेत."

नगरश्रेष्ठी ताडकन उभा राहिला. "चार माथेफिरू पोरांसाठी आमच्या सगळ्या कुळाला काळे फासणार?"

"हेच मी पहिल्या दिवशी म्हटले होते," बोधिसत्त्व म्हणाला.

तेव्हा साक्षीला आलेली तेमकी पुढे झाली. "अमात्य, मला त्यांची कुळे नकोत," ती म्हणाली. "माझ्या सुनेला आणि तिच्या बाळाला कुळाने जाळले नाही. ज्याने कडी घातली त्याला नाव आहे. ते नाव सांगा, आणि बाकीच्यांचीही सांगा."

बोधिसत्त्वाला आपल्या बोलण्याची लाज वाटली. रागाच्या भरात तोही तीच भेरी वाजवायला निघाला होता.

राजाने त्याला आतल्या दालनात नेले. "ही नावे उच्चारू नका," तो हळूच म्हणाला. "नावे घेतलीत तर निम्मे नगर माझ्यावर उलटेल. त्याऐवजी मी आजपासून दवंडीतून कूळ काढून टाकतो. तुम्हाला हेच हवे होते ना?"

हो म्हटले तर उद्यापासून भेरी थांबणार होती. जे पैलकर वाचले होते ते कदाचित पुन्हा विटा पाडू शकले असते. बोधिसत्त्व खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. तिथून वाळवंटावरचा काळा पट्टा दिसत होता.

"महाराज," तो शेवटी म्हणाला, "जी आज्ञा चुकीची आहे ती चुकीची म्हणून मागे घ्या. तिच्या बदल्यात मी मेलेली माणसे देऊ शकत नाही. ती माझी नाहीत."

तो बाहेर आला, आसनावर बसला आणि ज्यांच्याविरुद्ध साक्ष होती त्यांची नावे त्याने एकेक करून वाचली. कूळ कोणाचेच सांगितले नाही. रोहकाचे नाव आले तेव्हा तो म्हणाला, "नायक, याला पकडून आणा."

वल्लिय जागचा हलला नाही. पैलकरांनी गोरमला ज्या दाराने आणले होते, त्या दाराकडे त्याने एकदा पाहिले आणि मान खाली घातली.

राजाने सभा मोडली. त्याच दिवशी त्याने बोधिसत्त्वाला पदावरून काढले आणि नगर सोडण्याची आज्ञा दिली. पकडले कोणालाच गेले नाही.

उरलेले पैलकर होड्यांत बसून आपल्या तीराकडे निघाले. बोधिसत्त्व त्यांच्याबरोबर गेला. होडीत तेमकीने त्याला विचारले, "तुम्ही हो म्हणाला असता तर दवंडी थांबली असती?"

"थांबली असती."

"मग?"

"पुढे कधीतरी पुन्हा सुरू झाली असती. आणि जाळले तरी चालते, हे सगळ्यांना कळून चुकले असते."

"ते तर आताही कळलेच," तेमकी म्हणाली.

पैलतीरावर बोधिसत्त्वाने तपस्व्याची वस्त्रे घेतली. त्या लोकांबरोबर तो विहिरी खणी आणि आजाऱ्यांजवळ बसे. तिकडचा दुष्काळ अजून सरला नव्हता; त्या उन्हाळ्यात पुष्कळ माणसे दगावली. तेमकीही गेली.

कंसावतीत पैलकर उरले नाहीत, तरी चोऱ्या चालूच राहिल्या. रक्षक आता कुंभारवाड्याच्या तोंडाशी उभे राहू लागले. दवंडीत कुंभारांचे ठोके लांबत गेले, आणि वेशीवरची माणसे थांबून ऐकू लागली.

भगवंतांनी ही कथा एका विहारात सांगितली. तिथे एक भिक्षू कोणत्या कुळातून आलेले भिक्षू किती वेळा नियम मोडतात याची मोजदाद ठेवी आणि ती संघापुढे वाचून दाखवी. त्यामुळे काही भिक्षूंबरोबर भिक्षेला जायला बाकीचे कचरू लागले होते. कथा संपल्यावर भगवान त्याला म्हणाले, "भिक्षू, तेव्हाचा नायक वल्लिय तू होतास. राजा अंगिरथ म्हणजे या विहाराचा आजचा दानपती. सुईण तेमकी म्हणजे आजची ज्येष्ठ भिक्षुणी, थेरी सुमेधिनी. आणि न्यायामात्य भद्रघोष मीच होतो. सत्ताही गेली आणि ज्यांच्यासाठी ती घालवली तेही वाचले नाहीत, तरी त्या जन्मी मी सत्याचा सौदा केला नाही. ती माझी सत्यपारमिता."

मग त्या भिक्षूने विचारले, "भगवन्, आणि रोहक?"

"तुझा मुलगा होता तो," भगवान म्हणाले. "त्याला तू पाठीशी घातलेस, म्हणून त्याने केलेल्या कर्माची त्याला कधी लाजही वाटली नाही. तो अजून जन्ममरणाच्या फेऱ्यात फिरतो आहे."