दर डोळ्यामागे एक मोहोर

एका गावात एक आंब्यांचा व्यापारी राहायचा. आंबे विकून माणूस दमतो हे समजू शकतं, पण हा दमला होता एका आरशापायी.

त्याच्या बारा खोल्या होत्या. प्रत्येक खोलीत गवताचा थर, त्यावर कच्च्या आंब्यांचा थर, पुन्हा गवत, अशी अढी लावलेली असे. अढी पिकली की वेळेवर उघडावी लागते. आधी उघडली तर आंबा आंबट, उशीर झाला तर देठापासून काळा. हे काम अढी लावणाऱ्या आक्कांचं. रोज सकाळी त्या बाराही दारांशी उभ्या राहून वास घेत आणि अंगणात येऊन ओरडत, "चौथी आली हो!" मग सगळे चौथ्या खोलीकडे धावत. ओरडण्याचे पैसे कुणी घेत नसे.

एकदा गावात एक आरसेवाला आला. त्याच्या आरशात बाराही अढ्या बसल्या जागी दिसत, प्रत्येकीचं एक वर्तुळ. कच्चीचं वर्तुळ हिरवं, पिकत आलेलीचं पिवळं, पिकलेलीचं केशरी. व्यापारी हरखून गेला.

"किंमत काय याची?"

"विकत नाही देत, शेटजी. भाडं असतं. दर महिन्याला, दर डोळ्यामागे एक मोहोर."

"म्हणजे माणसामागे दोन?"

"माणसाला डोळे किती, त्यावर आहे."

व्यापारी स्वतःला हुशार समजायचा. त्याने पाच जणांच्या एकेकाच डोळ्याचं भाडं भरलं. मग काय, आरशापुढे जो तो एका डोळ्यावर तळहात धरून उभा! आरसेवाल्याची माणसं अधूनमधून तपासायला येत, आणि कुणाचा हात जरा घसरला की दंड लावून जात. पुढच्या हंगामात भाडं दुप्पट झालं. त्याच्या पुढच्या हंगामात नुसतं बघण्याचं वेगळं आणि वर्तुळावर बोट ठेवून आत बघण्याचं वेगळं, असं सुरू झालं. व्यापाऱ्याने भांडून पाहिलं, विनवून पाहिलं, शेवटी तो नुसती मान हलवायला लागला. एकेक डोळा कमी करता करता एकच उरला, त्याचा स्वतःचा. आक्कांचा तर सगळ्यात आधी कमी झाला होता.

त्या वैशाखात गावातल्या कुंभारणीच्या लेकीचं लग्न ठरलं. वऱ्हाडाला पोटभर आमरस वाढीन असा तिने शब्द दिला होता. वर्षभर मडकी विकून साठवलेले पैसे तिने व्यापाऱ्याला आधीच आणून दिले. व्यापारी म्हणाला, "सातवी अढी तुझी. तीनशे आंबे. निश्चिंत राहा."

लग्नाला चार दिवस उरले आणि आरसा काळा पडला. मधोमध अक्षरं उमटली, 'मुदत संपली.' आरसेवाला दोन दिवसांच्या वाटेवर राहायचा. व्यापाऱ्याने भाडं देऊन गडी धाडला आणि स्वतः काळ्या आरशासमोर बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आक्का उंबऱ्याशी आल्या.

"शेट, सातवी आली. आज उघडून आंबे मोकळे पसरले तर लग्नापर्यंत टिकतील."

"आरशात दिसू दे मग."

"आरसा तर आंधळा झालाय. वास इथवर येतोय की हो!"

वास त्यालाही येत होता. तो अर्धवट उठलासुद्धा. मग त्याला तीन हंगामांचं भाडं आठवलं आणि तो परत खाली बसला.

"एवढ्या मोहरा ओतल्या त्या काय शेवटी नाकाने हुंगायला? आणि आक्का, तुमचा डोळा भरलेला नाही. ज्यांचा डोळा भरलेला नाही त्यांनी यात बोलू नये."

आक्का वाद घालायच्या वयाच्या राहिल्या नव्हत्या. त्या मागच्या अंगणात जाऊन गवत झाडत बसल्या.

लग्नाच्या सकाळी आरसेवाला आला. त्याने आरशावरून हात फिरवताच बारा वर्तुळं झळकली. सातवं काळं होतं. त्याखाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं: 'आंबे तीनशे. सडलेले दोनशे एक्याण्णव.'

"बघा शेटजी, मोजून घ्या! एकाचाही फरक निघायचा नाही," आरसेवाला अभिमानाने म्हणाला.

तेवढ्यात कुंभारीण टोपल्या घेऊन दारात आली. तिची नजर आरशावर गेली. तिला वाचता येत होतं. टोपल्या तिने हळूच खाली ठेवल्या.

"वऱ्हाड वेशीवर आलंय, शेट," ती म्हणाली. "आता त्यांना मी काय वाढू?"

आरसेवाला खाकरला.

"बाईंनी दोन्ही डोळ्यांनी बघितलं, शेटजी. दोन मोहरा होतात."

व्यापाऱ्याने कमरेची पिशवी सोडली आणि दोन मोहरा मोजून दिल्या. त्या दिवशी कुंभारणीसाठी त्याला तेवढंच करता आलं.

तात्पर्य, त्याचंही भाडं सुरू व्हायच्या आत सांगून टाकतो: आपल्याच घरात काय चाललंय ते कळायला परक्याला पैसे मोजावे लागत असतील तर मोजा बापडे, पण फुकट सांगायला आलेल्या आपल्या माणसाला गप्प बसवू नका.