नखाएवढ्या बेडकाचे देवक

एका राज्यात माणसांपेक्षा त्यांचे सोयरे जास्त होते, आणि ते सगळे डोंगरावर राहत. डोंगराचे नाव मेघगिरी. राज्याची रीत अशी, की प्रत्येक घराचे एक देवक असे. कुंभारांचे जांभूळ, तेल्यांचे शेकरू, कोणाची कारवी, कोणाचे घुबड, तर कोणाचे दगडावरचे साधे शेवाळ. आपल्या देवकावर कोणी कुऱ्हाड घालायची नाही, त्याची शिकार करायची नाही, आणि दुसऱ्याने हात लावलाच तर अख्ख्या घराने काठ्या घेऊन धावायचे. लग्नातही आधी देवक पुजायचे, मग नवरानवरी. त्यामुळे मेघगिरीवर जे जे जन्मले ते ते टिकले. रानातल्या किड्यामुंगीलाही खाली गावात एक माहेर होते.

त्या राज्याचा राजा चंद्रांगद. त्याने बुरुडाची लेक सुरंगी पसंत केली. देखणी, गोड गळ्याची, सगळे उत्तम. पण तिचे देवक काय, तर धबधब्यामागच्या कातळावरचा नखाएवढा बेडूक! दरबारी तोंडाला शेले लावून हसले. राजाचे तिच्यावर प्रेम होते हो, पण चारचौघांत त्याला लाज वाटली.

तो म्हणाला, "राणी, आजपासून माझे देवक तेच तुझे देवक. सोनचाफा."

सुरंगी म्हणाली, "महाराज, मग त्या बेडकाला कोण?"

"रानात बेडकांना काय तोटा?"

राणीने चाफ्याचे फूल माळले.

यथा राजा तथा प्रजा. कोणी दवंडी पिटली नव्हती, तरी कुंभाराने जांभूळ सोडले, तेल्याने शेकरू सोडले. आपल्याही मांडवात राजाचे देवक हवे, घुबड कशाला? घरोघरी सोनचाफा पुजला जाऊ लागला. उरलेल्यांना कोणी वाली राहिला नाही. कुऱ्हाडी चालल्या, धूर झाले, आणि मोकळ्या झालेल्या उतारांवर लोकांनी हौसेने चाफाच लावला. पुढे पुढे त्या वासाने डोके दुखू लागले. ओढा आटला. धबधब्यामागचा कातळ कोरडा पडला आणि एका सांजेला बेडूक बोलायचा थांबला.

त्याच सांजेला राणी विरू लागली. आधी तिची सावली गेली, मग बोलण्यातला आवाज गेला, मग तीच धुके झाली आणि खिडकीतून मेघगिरीकडे निघून गेली. पलंगावर हिरवा चुडा तेवढा राहिला.

राजा जेवायला बसला की दोन ताटे मांडायला सांगे. एक भरलेले तसेच परत जाई. दारात वारा वाजला तरी तो उठून पाही. त्याला सुरंगीची फार आठवण येई, आणि ती सांगायला सुरंगीशिवाय दुसरे कोणी नव्हते. अखेर चुडा उराशी बांधून तो एकटाच डोंगर चढला.

माथ्यावर धुकाई नावाची मायावी म्हातारी टकळीवर धुके कातीत बसली होती.

राजा म्हणाला, "आई, माझी राणी दे."

"मी नेली नाही. तिचे सोयरे तुटले, तीही सुटली. तीन कामे कर. धनेशाच्या बायकोला जेवू घाल. ओढ्याला वाट मोकळी कर."

"आणि तिसरे?"

"तिसरे तुला कळले तर राणी तुझी. नाही कळले तर माझी."

रानात धनेशाचे एकच जोडपे उरले होते. मोठ्या चोचीचा नर एका ढोलीपुढे बसला होता. ढोलीचे तोंड मातीने लिंपलेले, मधे चोचीपुरती फट. धनेश म्हणाला, "राजा, आमची रीत अशी, की अंड्यांवर बसताना बायको स्वतःला कोंडून घेते आणि मी आणीन ते खाते. आता उंबर कुठून आणू? तिला मी रोज सांगतो, उद्या आणतो."

राजाला रडू आले. दरीपलीकडे एक उंबर उभा होता. खरचटत, घसरत राजा गेला. उंबर बोलला, "फळे ने. पण आतली चिलटे झटकशील तर पुढच्या खेपेला फळ धरणार नाही." एके काळी राजाच्या ताटातले फळ तीनदा धुतले जाई. त्याने उंबरे किड्यांसकट ओंजळीत धरली आणि फटीतून एकेक भरवली.

मग तो ओढ्यापाशी गेला. झऱ्याच्या तोंडावर चाफ्याच्या मुळांची गच्च जाळी. पण आपल्या देवकावर घाव कसा घालायचा? राजाने हात जोडले. "चाफ्या, माझ्यामुळे तू इथे आलास. वाट देशील?"

चाफा म्हणाला, "देईन. राजा, मलाही करमत नाही. जिकडे पाहावे तिकडे मीच." मुळे बाजूला झाली आणि ओढा वाहू लागला. राजाने कातळाकडे धाव घेतली.

पाणी पडत होते. कातळ ओला होता. बेडूक नव्हता.

राजाने मनगटातले सोनचाफ्याचे कंकण सोडले, चाफ्याच्या बुंध्याशी ठेवले आणि रिकाम्या कातळापुढे वाकला. "आजपासून माझे देवक तू. असशील तिथे." एवढे बोलून तो तिथेच राखणीला बसला. पाऊस आला, जळवा लागल्या. शोधत शोधत प्रधान वर आला.

"महाराज, इथे तर काहीच नाही."

"नाही, म्हणूनच कोणीतरी बसायला हवे."

प्रधान जन्मला तेव्हा त्याच्या घरचे देवक घुबड होते. तोही बाजूच्या दगडावर टेकला.

अशा किती सांजा गेल्या कोणास ठाऊक. एका सांजेला कातळाच्या चिरेतून आवाज आला, टक्. राजाने चिरेला कान लावला. पुन्हा, टक्. माथ्यावरून धुके उतरले, त्याला पावले फुटली, आणि सुरंगी समोर येऊन उभी राहिली.

ती हळूच म्हणाली, "ऐकलेत?"

"ऐकले."

राजाने उराशी बांधलेला चुडा सोडला आणि तिने हात पुढे केला.

त्यांचे लग्न पुन्हा लागले. बेडकाला मांडवात आणता येईना, म्हणून मांडवच कातळापाशी नेला आणि दरबारी चिखलात घोट्यापर्यंत रुतून उभे राहिले. या खेपेला कोणी हसले नाही. घरोघरचे लोक आपापले देवक शोधायला रानात पांगले. जांभळे उगवली, शेकरू परतले, धनेशाची पिल्ले उडाली.

काहींना मात्र त्यांचे देवक सापडले नाही. ती घरे अजून मांडवात एक पाट रिकामा मांडतात, त्याला हळदकुंकू वाहतात आणि नवरानवरी त्याच्याशेजारी थोडा वेळ कान देऊन बसतात. चंद्रांगदाला जसे त्याचे माणूस भेटले, तसे त्या रिकाम्या पाटांनाही त्यांचे सोयरे भेटोत.