गैरहजेरीचं कारण

अकोल्याच्या एका दैनिकात रांगणेकर नावाचे नवे व्यवस्थापक आले आणि माणसांवर लक्ष ठेवायचं काम त्यांनी कॉम्प्युटरवर सोपवलं. कीबोर्डला दहा मिनिटं हात लागला नाही, की माणूस गैरहजर. लगेच त्याच्या मोबाइलवर कारण विचारणारा मेसेज.

बातमीदार निलोफर दिवसभर जिनिंग मिलच्या आगीपाशी उभी होती. तिची बातमी पहिल्या पानावर आली, आणि कॉम्प्युटरने तिला दिवसभर गैरहजर ठरवलं. रांगणेकरांनी सगळ्यांना बैठकीला बोलावलं.

"उद्यापासून हिने येऊ नये," ते म्हणाले.

आयुष्य बातमीदारीत घालवून थकलेल्या हेमलता दाभाडे मागून म्हणाल्या, "साहेब, ही यंत्रणा आम्हा जुन्यांना कळली नाही बघा. जरा सविस्तर सांगता?"

रांगणेकर खुलले. ते सांगत गेले, ताई एकेक शंका काढत गेल्या.

एकाएकी सगळ्यांचे मोबाइल वाजले. रांगणेकरांचाही.

"काय आलं, साहेब?"

"'आपण कामावर नाही. कारण कळवा.'" रांगणेकर भडकले. "मूर्खपणा आहे! अहो, कामासाठीच तर जागेवरून उठलोय मी!"

"मग तेच कळवा," ताई कंटाळून म्हणाल्या, "आणि निलोफरचंही तेच कारण लिहून घ्या. तुमचं चालत असेल, तर तिचंही चालेल."

निलोफरची नोकरी राहिली. यंत्रणाही राहिली. ती रोज निलोफरला कारण विचारते आणि निलोफर रोज साहेबांचंच वाक्य पाठवते.