पोटव्हाळ

शलाकाला वाटलं होतं, काठ्या दिसतील, दगड दिसतील. आत्याची दुभती शेळी अजगरानं धरल्याचं कळताच ती पोतं आणि लोखंडी आकडा घेऊन धावली. स्कॉटलंडमध्ये प्राणिशास्त्र शिकून ती नुकतीच गावी परतली होती, अजगरांना माणसांपासून वाचवायचं असं मनाशी पक्कं करून. धावता धावताच फोन करून तिनं अजगराला न्यायला दुसऱ्या दिवशी सकाळसाठी अभयारण्याची गाडी बोलावली.

पोटव्हाळावर पाहते तर सगळं चिडीचूप. हा ओढा डोंगरावरून बारीक वळणं घेत उतरतो, मध्येच एका गोल डोहात फुगतो आणि पुन्हा बारीक होऊन निघून जातो. डोहाच्या काठी अजगर शेळी गिळत होता. समोरच्या सपाट दगडावर आत्या मांडी घालून बसली होती. गाव मागे उभं. कुणी खोकतसुद्धा नव्हतं.

"सकाळी त्याला न्यायला गाडी येईल," म्हणत शलाका पुढे सरकली तसं म्हाताऱ्या भिवा गुरवांनी तिचं मनगट धरलं. "थांब गो चेडवा. तो जेवता हा. तुका कोणी ताटावरसून उठवल्यान तर चलात?"

मग हलक्या आवाजात त्यांनी आवडूची गोष्ट सांगितली.

फार पूर्वी हा डोंगर कोरडा होता, असं सांगतात. आवडू नावाची धनगरीण इथं राही. एकदा तिचं करडू अजगरानं धरलं. पाचोळ्यात पाचोळा होऊन तो पडलेला होता म्हणे. वास चाखायला जीभ तेवढी हलायची. करडू जवळ आलं, दात रुतले, विळखे पडले. करडानं श्वास सोडला की विळखा आणखी आवळे. हाड मोडलं नाही, काळीज तेवढं थांबलं. आवडूनं काठ्या घेऊन गाव जमवलं. मार खाऊन अजगरानं अर्धं गिळलेलं करडू ओकून टाकलं आणि रिकाम्या पोटी निघून गेला. करडू मेलं ते मेलंच. पुढे अजगर कुणाला दिसेना, आणि उंदरांनी, रानडुकरांनी शेतं फस्त केली.

बऱ्याच वर्षांनी आवडूकडे एकच शेळी उरली होती, तेव्हा अजगर परतला आणि त्यानं तीच धरली. आवडू पोचेपर्यंत शेळी निपचित झाली होती. गावानं काठ्या उगारल्या. आवडू मध्ये जाऊन याच सपाट दगडावर बसली.

"मागच्या खेपेक माझा करडू नि तेचो घास, दोघांचाव गेला," ती म्हणाली. "आता एकाचा तरी रवांदे."

अजगर हलेपर्यंत ती उठली नाही. शेवटी तो फुगल्या पोटानं तिच्या मांडीवरून गेला म्हणे, आणि ज्या वाटेनं गेला त्या वाटेनं पाणी फुटलं. पोट टेकलं तिथं डोह झाला.

शलाका ऐकत होती, पण नजर अजगरावरून हलत नव्हती. शेळीचं डोकं केव्हाच आत गेलं होतं. जबड्याची एक बाजू पुढे सरके, ती रुतली की दुसरी. जणू तोंडच शेळीवरून चालत होतं. तोंडाच्या तळाशी श्वासनळीचं टोक बाहेर आलं होतं, घास अडला तरी श्वास अडू नये म्हणून. हे सगळं तिनं पुस्तकात वाचलं होतं. आता तिला तेही आठवलं, जे वाचूनही ती विसरली होती: भरल्या पोटी हलवलेला अजगर घास ओकतो.

आत्यानं मान न वळवता विचारलं, "तुझी गाडी येतली मा सकाळी? माझी शेळी पोटात घेऊनच नेतली तेका?"

ज्याची शेळी, त्याच्या घरातल्या माणसानं अजगर हलेपर्यंत बसायचं, हा आवडूपासूनचा रिवाज. घरात माणसं दोनच, आणि आत्याचे गुडघे तिला उठूबसू देत नव्हते.

आजही पोटव्हाळ डोंगरावरून तसाच बारीक उतरतो, मध्येच फुगतो, आणि आवडूच्या दगडासमोर कुणी काठी उगारत नाही. त्या दिवशी सकाळी गाडी आली तेव्हा अजगर हलला नव्हता. शलाकानं ती रस्त्यावरूनच परत पाठवली, आत्याला हात देऊन उठवलं, आकडा पोत्यात गुंडाळून बाजूला ठेवला आणि दगडावर मांडी घातली.